रक्त न येणाऱ्या हिरड्या

आमच्या घरी दात घासताना रक्त यायचं ते नवऱ्याच्या हिरड्यांतून. माझ्या हिरड्यांतून थेंबसुद्धा नाही. मी लग्नाआधीपासून गुडाखू लावते. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटावर घेऊन दातांना चोळला की डोकं जरा हलकं होतं नि कामाला हुशारी येते. "अजी, दात घासून राहिले का सोलून राहिले?" असं म्हणून मी त्यांना रोज चिडवायची.

यंदा माझेच खालचे पुढचे दात हलायला लागले. दुखत काहीच नव्हतं. पण माझ्या आईचं तोंड चाळिशीतच बोळकं झालं होतं, आणि मला त्याची धास्ती होती. दोघं गोंदियाला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी आकडे कोरलेली बारीक सळई हिरडीत घातली. आकडा जितका मोठा, तितकं हाड खाली गेलेलं, हे आधीच सांगितलं होतं. "चार. पाँच. पाँच." मी खुर्चीचे हात घट्ट धरले. उजव्या दाढेपाशी "नौ" म्हणून त्या थांबल्या.

मग जबड्याचा फोटो दाखवला. पुढे हाड सगळीकडून सारखंच उतरलं होतं, धानाच्या बांधीतलं पाणी उतरावं तसं. दाढेमागे मात्र एकाच जागी खोल खड्डा होता.

"ये दाढ़ जाएगी. आगे के शायद बच जाएँ, गुडाखू आज से बंद किया तो. गई हुई हड्डी वापस नहीं आती."

"पर खून तो कभी नहीं आया," मी तोऱ्यातच म्हणाले.

"तंबाखू खून दबा देता है. इसीलिए पता नहीं चला."

माझा तोरा तिथंच उतरला. स्वतःचा भयंकर राग आला.

"घर में और कोई लगाता है?"

"नहीं."

बाहेर पायऱ्यांवर नवरा म्हणाला, "खोटं काऊन बोलली वो?"

मी त्यांच्यावरच खेकसले. गेल्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, पोरीची दाढ ठणकत होती, तेव्हा मीच माझ्या बोटानं तिला गुडाखू लावून दिला. ठणका थांबला. तेव्हापासून ती रोज लावते. तिलाही रक्त येत नाही, म्हणून मी तिचं कौतुक करत होते.

मी तशीच परत आत गेले. दुसरा पेशंट खुर्चीवर बसत होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"मेरी लड़की लगाती है," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "चौदह साल की है. मैंने ही सिखाया."