दहावं रोप

माझ्या चुलतसासऱ्यांइतका वेगळेपणाचा वैरी फैजपूर ते भुसावळ पट्ट्यात दुसरा झाला नाही. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ताटातल्या दोन पोळ्या एका मापाच्या नसल्या तर मोठी परत जायची. माझ्या लग्नात त्यांनी वऱ्हाड उंचीप्रमाणे पंगतीला बसवलं. माझी आई वडिलांपासून सतरा पानं लांब गेली. स्वतः आबा पाच फुटांच्या आतले आणि चारही भाऊ ताडमाड. म्हणून फोटोच्या वेळी ते पायाखाली दोन विटा घ्यायचे.

नव्वदीच्या दशकात प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली केळीची रोपं आली. सगळी हुबेहूब सारखी, हे ऐकूनच आबा हरखले. धाकटे भाऊ नाना मात्र कंद लावणारे. म्हणाले, "आबा, बाटलीतलं पोर मातीले काय ओळखीन?"

आबा इरेला पेटले. "दहा रोपं येगळी निघाली, तर मळ्याचा कारभार तुह्या हाती."

चौथ्या महिन्यात एका रोपाची पानं पांढऱ्या पट्ट्यांची निघाली. रोपं देणारा माणूस शांतपणे म्हणाला, "एकाच कंदाचे फार वेळा तुकडे केले की बाटलीतच एखादं बदलतं. निवडून कापा."

दुसऱ्या दिवशी मोजणी. एका टोकाने नाना, दुसऱ्या टोकाने आबा, दोघांच्या हाती कोयते, आबांबरोबर मी. दुपारपर्यंत नऊ कापली गेली. उरली विहिरीकडची ओळ. नानांच्या चालीत आत्ताच कारभारी शिरला होता. आबांचा वेग मंदावला होता.

आणि शेवटचं रोप गुडघ्याएवढं निघालं. बाकीची डोक्यावर गेलेली, याची पानं एकावर एक दाटलेली. नाना पानांआड होते. एक घाव, वर पाचोळा, की कारभार शाबूत. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलो जावई; मी आभाळाकडे पाहिलं. कोयता वर गेला आणि तिथेच राहिला.

"नाना, इकडे ये. दहावं हे."

नाना आले. मग त्यांनीच कोयता उचलला. "कापू?"

"नको. कारभारी झाला ना? मंग पहिला हुकूम हाच दे. याले राहू दे."

"राह्यलं," नाना म्हणाले.

बाकीची बाग एकदमच निसवली, सगळ्या झाडांतून घड बाहेर पडले. पुढच्या साली नानांनी पुन्हा बाटलीतलीच रोपं आणली, तीही आबांना विचारून. बुटक्याला घड आला तो ओंजळीत मावेल एवढा.

त्याच वर्षी पाचही भावांचा मळ्यात फोटो काढला. कोणीतरी विटा आणल्या. आबांनी त्या पायाने बाजूला सारल्या. आता आबा नाहीत. फोटो माझ्याकडे आहे. त्यात ते लगेच सापडतात.