चांदणीने झाकलेला आकडा

नानाने खिशातलं पेन काढलं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या तक्त्यात छापलेल्या चांदणीवर आकडा लिहिला. एक. मग वळून सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं.

"वजाबाकी येते म्हटलं आमाला," तो म्हणाला. "झाकून काय उपयोग?"

लोक हसले. बचतगटाच्या बायकाही हसल्या. मी त्यांच्यातच उभी होते.

हा नाना म्हणजे नारळाच्या वाडीचा आणि तिच्यातल्या पर्यटकांच्या कॉटेजांचा मालक. आजवर त्याला अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

तक्ता सरकारी आरोग्य सर्वेक्षणाचा होता. गावात किती घरी नळ, किती घरी शौचालय, किती जणांनी टीबीचे उपचार घेतले. सगळं जातवार. नाव कुणाचंच नव्हतं. पण आमच्या गावात बौद्धांचं घर एकच, माझं. बाकीचे पोटासाठी पनवेलकडे गेले ते गेलेच. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, घरी येतो पाहुण्यासारखा. आमच्या रांगेत, टीबीच्या रकान्यात, आकड्याऐवजी चांदणी होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की संख्या फार लहान असल्याने गोपनीयतेसाठी दिलेली नाही. आणि त्याच रकान्याच्या तळाशी गावाची एकूण बेरीज छापलेली. बाकीच्या रांगा उघड्या. कुणीही वजा करावं. नानाने केलं. घरात नवरा की बायको, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. धडधाकट नवरा सगळ्यांनी बघितला होता, आणि माझा खोकलाही ऐकला होता.

सर्वेक्षणाच्या बाई माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, "ताई, मोकळेपणाने सांगा, बाहेर काही जात नाही." मी सांगितलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. इथल्या दवाखान्यात कुणी बघेल म्हणून रेवसहून लाँचने मुंबईला जाऊन औषध आणायचे मी. पूर्ण कोर्स केला. बरी झाले. त्याला तक्त्यात रकाना नव्हता.

आमचा गट कॉटेजवरच्या पाहुण्यांचं जेवण करायचा. तांदळाच्या भाकऱ्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी माझ्यापुढची परात ओढून घेतली.

"तू आता चुलीपाशी नको. पावन्यांना कललं तर? आवार झाडत जा, पगार तोच दिऊ."

"मी बरी हाय. डाक्टरचा कागद हाय माझ्याकडं."

"व्हय गो, पन लोकांना कोन समजावनार?"

माझ्या हातची भाकरी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होती. जात तोंडाने काढता येत नव्हती. टीबी काढता आला. खराटा माझ्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला होता. धर्म बदलला तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांनी गावकीची झाडलोटीची कामं टाकली होती. ती मी पगारावर परत उचलायची? मी खराट्याला हात लावला नाही. निघून आले. मागे कुणी हाक मारली नाही.

मग फार एकटं वाटलं. नळ कोरडा असेल त्या दिवशी विहिरीवर मी दिसले की बायका घाईने हंडे उचलायच्या. एकटीपुरती भाकरी थापताना रडू यायचं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "गप ऱ्हा, विसरतील." विसरले नाहीत. मीही नाही.

शेवटी तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेब सभ्य होते, बसायला खुर्ची दिली.

"तुमचं नाव कुठे आहे यात? चांदणीसुद्धा टाकलेली आहे."

"साहेब, आमच्या गावात माझी जात हेच माझं नाव हाय."

त्यांनी तक्त्यातल्या आमच्या रांगेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "असं करू. पुढच्या वेळी तुमची रांगच काढू. 'इतर'मध्ये घालू. कुणाला कळणार नाही."

खरं सांगते, हो म्हणणार होते. सुटले असते. पण आमच्या दारात नळ आला तो मागच्या सर्वेक्षणात त्या रांगेत आमचं घर दिसलं म्हणून. रांग गेली की उद्या हेच विचारतील, तुमच्या गावात बौद्ध आहेतच कुठे? म्हणजे एकतर उघडे पडा, नाहीतर नाहीसे व्हा.

"न्हाय," मी म्हणाले. "रांग ऱ्हाऊ द्या. आजार तालुक्याच्या बेरजेत घाला. गावात जातवार छापू नका."

"ते आमच्या हातात नसतं हो."

"मग कुणाच्या हातात हाय ते लिहून द्या."

दिलं नाही. मी अर्ज दिला आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही.

उत्तर आलेलं नाही. चुलीपाशी दुसरी बाई बसते. माझ्या अर्जावर सही करायला गावातलं एक माणूस पुढे आलं नाही.

परवा त्याच सर्वेक्षणाच्या बाई नव्या फेरीसाठी पुन्हा आल्या, टॅब घेऊन. घर, नळ, शिक्षण, सगळं सांगितलं. जात मोठ्याने सांगितली, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. मग त्यांनी आजाराचं विचारलं.

"हे कसं छापणार ते आधी लेखी आणा."

"ताई, अहो, नाव येत नाही कुठे."

"लेखी आणा."

त्या उठून गेल्या. पुन्हा येतील. माझं बोलणं बदलणार नाही. आमची रांग छापायची. गावात एकच घर असलं तरी छापायची. आणि माझ्या छातीत काय झालं होतं, ते मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन त्यालाच कळेल.