वय काढायचं न्हाय

बेळगावात कॅम्पातल्या रसवाल्या आप्पांमुळे मी दहावीचा फॉर्म भरला. त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. सातवीत शाळा सोडून बीडहून इथं कारखान्यात आलो, त्याला वीस वर्षं झाली. लोक हसतील या भीतीनं कोरा फॉर्म आठवडाभर खिशातच होता.

आप्पा पूर्वी फौजेत बॉक्सर होते. उसाच्या चरकाला हात लावण्याआधी ते अजून बॉक्सरसारखी अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळतात आणि ती दिवसभर सोडत नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या गाड्यावर कॉलेजची दोन पोरं मोबाइलवर बॉक्सिंगची जुनी लढत बघत भांडत होती.

“म्हातारा झालता म्हणून हरला रं!”

“मग जिंकणाऱ्यानं काय मोठं केलं?”

आप्पांनी चरक थांबवला. “हरल्यावर वय काढताय व्हय? रिंगणात उतरताना त्याला आपलं वय म्हायीत न्हवतं? मीबी शेवटची लढत हरलोय. समोरच्याचा डावा हात लई भारी होता. माझ्या वयाला कशाला बोल लावू?”

मी खिशातला फॉर्म काढून पुढं केला. त्यांनी पट्टी सोडली, हात पुसले आणि तो वाचला. “उतरा की मग.”

त्यांचे उपकार मी फेडीन. निकाल पहिला त्यांनाच दाखवीन, आणि नापास झालो तरी वयाचं कारण सांगणार नाही.