अर्ज फक्त निमंत्रणावरून

त्या जुलैत मी एकच शोध पुन्हा पुन्हा करत होते. देश भारत, राज्य महाराष्ट्र, विषय लहान मुलं. एकेका चौकटीत खूण केली की यादी आक्रसत जायची. रत्नागिरी लिहिलं की पान कोरं. मग मी रत्नागिरी खोडायचे, यादी पुन्हा भरायची आणि मला उगाचच बरं वाटायचं.

वेबसाइट देणग्या देणाऱ्या फाउंडेशनांची होती. कोण कशासाठी पैसे देतं, विश्वस्त कोण, अर्ज कसा करायचा, सगळं तिथे होतं, पण इंग्रजीत. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, त्यामुळे काम कोणाकडे येणार याची चर्चाच झाली नाही.

माझी आत्या जेटीजवळ पाळणाघर चालवते. पहाटे मासळी निवडायला, कोळंबी सोलायला जाणाऱ्या बायकांची मुलं तिच्याकडे असतात. इतकी वर्षं ते कुवेतला असलेल्या एका चाचांच्या बंद घरात, भाड्याशिवाय चाललं. आता चाचा कायमचे परत येत होते. त्यांनी स्वतः फोन करून, माफी मागत मागत सांगितलं, त्यामुळे त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती. पावसात मासेमारी बंद म्हणून मुलं घरी होती. पण होड्या सुटल्या की बायका कामावर जाणार, आणि मुलांना कुठे ठेवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. जेटीजवळ एक खोली होती. तिला भाडं होतं आणि तिचं छप्पर गळत होतं.

मी आमच्या पडवीच्या टोकाला बसायचे. पावसासाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या आड माझं टेबल, माझी खुर्ची. घरातून काम करायचं म्हणून ती जागा मी कोणाला न विचारता माझी करून घेतली होती. कोणी आलं तर तिथून दिसतं, पण आपण दिसत नाही.

आत्या मात्र थेट आत यायची. "मिळालं काय गो?"

"मासेमार लिहिलं की समुद्रातली कासवं वाचवणारे येतात."

"म्हणजे कासवांच्या पिल्लांना मिळतं, आमच्या पोरांना नाही? त्यांना सांग, आमची पण चार पायांवरच चालतात अजून."

मी हसले, पण लगेच दुसरी खिडकी उघडली. मला स्वस्थ बसवत नव्हतं. एक प्रोफाइल अर्धवट वाचायचं, दुसरं उघडायचं, उठून पाणी प्यायचं, परत यायचं. शेवटी मुंबईचं एक फाउंडेशन सापडलं. काम करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी ते खरंच मदत देत होतं. खाली लिहिलं होतं, अर्ज फक्त निमंत्रणावरून. त्याखाली, अर्जदारांकडून भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत. आणि विश्वस्तांमध्ये एका बाईंचं आडनाव आमच्या शेजारच्या गावावरून पडलेलं.

आत्याला तेवढं पुरलं. "अगो, ह्या तर आपल्याच! कुठल्या वाडीतल्या?"

"ते इथे लिहीत नाहीत, आत्या."

"मग कसली वेबसाइट ती?"

तिने फोन लावायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत त्या बाईंचा एक लांबचा पुतण्या निघाला. तो त्या आठवड्यात मुंबईला जाणार होता. आत्याने त्याच्याबरोबर पिशवी दिली. सुक्या कोळंबीचे सोडे, कोकमाच्या आगळाची बाटली, फणसपोळी आणि माझा ईमेल लिहिलेली पाळणाघराची माहिती. भेटवस्तूंचं वाक्य मी तिला मराठीत करून सांगितलं, दोनदा.

"भेट कसली? खाऊ आहे," ती म्हणाली. "ओळख नाही, पाळख नाही, वर रिकाम्या हाताने दारात उभं राहायचं? शोभतं काय?"

मला सोड्यांचा वास एसी ऑफिसात पसरताना दिसत होता. मी दर थोड्या वेळाने मेल बघू लागले.

उत्तर आलं ते सभ्य होतं. पिशवी ठेवून घेता येत नाही, म्हणून ती पुतण्याकडे परत दिली आहे. गावाचा संबंध असल्यामुळे त्या विश्वस्त आमच्याबाबतच्या निर्णयात भाग घेणार नाहीत. मात्र माहिती वाचली आहे, आणि त्यांच्या अधिकारी गुरुवारी फोन करतील.

"म्हणजे आपलं माणूस होतं ते पण गेलं?" आत्या म्हणाली. त्या दिवशी तिने आणखी कोणालाच फोन लावला नाही. तिला तसं बघणं मला जमत नाही.

गुरुवारी ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी उत्तरं आधी कागदावर लिहून ठेवते. अधिकारी भरभर इंग्रजी बोलत होत्या. मुलं किती, सांभाळायला कोण, दोन महिने बंद का? मी उत्तरं देत होते, आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मग त्या म्हणाल्या की निर्णय दिवाळीच्या आधीच्या बैठकीत होईल, तो काय होईल हे आज सांगता येणार नाही. आणि तोपर्यंत मुलं कुठे असतील?

मी प्लॅस्टिककडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. आणि म्हणाले, आमच्या व्हरांड्यात.

आत्याला तेवढा एक शब्द कळला. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आईला विचारलंस?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि प्लॅस्टिकची दोरी सोडायला उठली.

नारळी पौर्णिमा झाली आणि पायऱ्यांवर इवल्या इवल्या चपला दिसू लागल्या. माझं टेबल आता आतल्या खोलीत आहे, तांदळाच्या पिंपाला लागून. वेबसाइट फुकट वापरायची मुदत संपली. तरी मी मेल उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. दुपारी कामावरून परतलेल्या आया मुलांना घेताना आत डोकावतात. हाताला कोळंबीचा वास असतो म्हणून उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, "आलं काय गो बाय उत्तर?"

"अजून नाही," मी म्हणते. पूर्वी एवढंही बोलायला लागू नये म्हणून मी प्लॅस्टिकच्या आड बसायचे.