जावेचं नाव कमी केलं तेव्हा

माझ्या धाकट्या जावेचं नाव मतदार यादीतून कमी झालं, त्या कागदावर सही माझी आहे.

मी अंगणवाडी सेविका. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या गावात मतदार यादीचं घरोघरचं काम माझ्याकडंच. नवी सून आली की नाव चढवायचं, कुणी वारलं की कमी करायचं. माझं स्वतःचं माहेर कामथडी. लग्नानंतर एका फॉर्मावर माझं नाव इकडं आलं, त्याचा मी कधी विचारही केला नव्हता.

जाऊ नेपाळची. दीर पुण्यात ज्या हॉटेलात कामाला होते, तिथं तिचा भाऊ आचारी होता. लग्न करून ती आली तेव्हा घरात कुरबुर झाली. पण पहिल्याच भातलावणीला ती चिखलात उतरली आणि आमच्याहून भरभर रोपं लावत गेली. तिच्या माहेरीही डोंगरउताराला भातच. त्या दिवसापासून सासऱ्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. रेशनकार्डात नाव लागलं, पुढं माझ्या आधी यादीचं काम करणाऱ्या शाळेतल्या गुरुजींनी मतदार यादीतही लावलं. कुणी काही विचारलं नाही. वीसेक वर्षं ती माझ्याबरोबर मतदानाला आली.

मागच्या ग्रामपंचायतीला आमचे चुलतदीर थोडक्या मतांनी पडले. त्यांनी तहसीलला हरकत घेतली, की ही बाई या देशाची नाही. चौकशीचा कागद माझ्याच हातात आला. मी वेल्ह्याला तहसील कचेरीत जाऊन साहेबांना सांगितलं, ती माझी जाऊ आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, दुसरं कुणी आलं तरी खरं तेच लिहील ना.

चुलतदिरांशी भांडायचं ठरवूनच मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"वैनी, तिच्यावर माजा राग न्हाई," ते म्हणाले. "पण उद्या कुनीबी यिऊन ऱ्हाईल आन् मत देईल. मत देशाच्याच मानसाचं पायजे का नको, तुमीच सांगा."

मी म्हटलं, ती घरपट्टी भरते, तिची पोरगी इथं जन्मली, नळाला पाणी आलं नाही तर तिचाही हंडा रिकामाच राहतो. ते म्हणाले, समदं खरं हाय. भांडण न करताच मी उठले. त्यांचं मला खोटं वाटत नव्हतं आणि माझंही.

घरी दीर म्हणाले, जन्म इथलाच लिहा, कोण बघतंय. सासरे म्हणाले, बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव, त्यात चौकशी कसली. जाऊ भाकरी थापत ऐकत होती. शेवटी तीच बोलली.

"ताई, माज्यापायी खोटं लिवू नका. तुमचं काम जाईल."

सुनावणीत साहेबांनी जन्म कुठला विचारला. तिनं गाव, जिल्हा, सगळं सांगितलं. नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, तिकडचे कागद लागतील, असं साहेबांनी नीट समजावलं. तिचे आईवडील वारलेले, भाऊ कुठं आहे ठाऊक नाही. तरी अर्ज करते म्हणाली. मी माझा अहवाल दिला, सही केली.

येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "ताई, आदी दिलेली मतं बी पुसत्यात का?"

मी नाही म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात तिच्या मुलीला अठरा पुरी झाली. नाव चढवायचा फॉर्म मीच भरला. मुलीचं कार्ड आल्यावर जावेनं ते हातात घेऊन फोटो बघितला, केस नीट विंचरायला हवे होते म्हणाली आणि परत दिलं.

तिच्या अर्जाचं अजून काही झालेलं नाही. एक कागद मिळतो, तर दुसरा लागतो.

ग्रामसभेला ती आता येत नाही. पाण्याच्या प्रश्नावर आमच्या आळीतून तीच बोलायची, पण ग्रामसभा मतदारांची, असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि ती उठून आली. आता काय बोलायचं ते ती मला आधी सांगते. मी तिथं उभी राहते, चार वाक्यं बोलते, आणि उलट कुणी काही विचारलं की मला उत्तर सुचत नाही.