पडद्यामागचा हिरवा गहू

“अक्यूट ल्यूकेमिया,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्ताचा कर्करोग, तोही झपाट्याने वाढणारा. मी त्यांच्या टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत राहिले. त्यातली शेवंती कदाचित आमच्याच मळ्यातली असेल.

१९९८ सालची गोष्ट. नाशिकला लागूनच आमचा फुलांचा मळा. हिरड्यांतून रक्त यायचं, मांड्यांवर काळेनिळे डाग पडायचे, आणि मी आपली मिठाच्या गुळण्या करत बसले होते.

केमो सुरू झाली. मग न्यूट्रोपेनिया, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. डॉक्टरांनी बजावलं, “खोलीत फूल नको, पाला नको, कच्चं काही तोंडात घालायचं नाही. साधा जंतूही जिवावर बेतेल.” फुलांवर जगणाऱ्या घराला हे सांगणं! आधी हसू आलं, मग भीती वाटली.

शेजारच्या खोलीत शिरीन होती, इराणी हॉटेलवाल्यांची सून. आजार तोच, औषधं तीच. मास्क लावून आम्ही दारात खुर्च्या टाकून बोलायचो. नवरोज, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जवळ आलं होतं. तिच्या सासूने रीतीप्रमाणे बशीत गहू रुजवून आणला आणि सिस्टरला दिसू नये म्हणून खिडकीच्या पडद्यामागे ठेवला.

“अगं, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?” मी म्हणाले.

“मी कुठे खाते? नुसता बघते. हिरवं उगवलं की माणूस पण उभा राहतो. तेराव्या दिवशी नदीत सोडायचा.”

तेरावा म्हटल्यावर मी घाईने विषय बदलला. आमच्यात तो दिवस माणूस गेल्यानंतरचा.

नवरोज झाला, पाठोपाठ पाडवा आला. माझ्या सासूबाई पदराखाली कडुलिंबाचा मोहोर आणि गूळ घेऊन आल्या. “एवढं तोंडात घाल, सुमन. लिंब चुकला तर साल वाईट जातं बघ.” त्यांच्या नखांत मळ्यातली माती होती. मला नाही म्हणवेना. खरं तर मलाही तो घास हवा होता. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. शिरीनला आयसीयूत नेत होते. सेप्सिस, म्हणजे जंतू रक्तात पसरले होते. मागून सिस्टर ती बशी घेऊन बाहेर आली. गहू वीतभर वाढला होता. सासूबाईंनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

“तू घरी येशील, त्या दिवशी आपला पाडवा,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

शिरीन परत आली नाही. गव्हामुळेच झालं, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. आपल्या शरीरातले जंतूही पुरतात, म्हणाले.

माझ्या पेशी हळूहळू वाढल्या. भर ज्येष्ठात आमच्या दारात गुढी उभी राहिली. येणारेजाणारे हसले. सासूबाईंनी कुणाची पर्वा केली नाही.

अशा रुग्णासाठी प्रेमाने काही न्याल, तर आधी सिस्टरला दाखवा. लपवून नेऊ नका.

दर नवरोजला मी शिरीनसाठी बशीत गहू रुजवते. बशी अंगणातच ठेवते, उंबऱ्याच्या आत आणत नाही. तेराव्या दिवशी गोदेत सोडते. घरी येऊन साबणाने हात धुते आणि परत धुते.