निएवेसचा शिक्रा

दोन्या म्हणजे बाई; ही दोन्या सेलेदोनिया आमच्या तुकुमानच्या विद्यापीठात पक्ष्यांच्या कातड्यांत कापूस भरायची. मी तिथला सुतार. कपाटांचे खण मी केले, त्यांत पक्षी तिने निजवले. घारी, शिक्रे, सगळे उताणे, पंख अंगाशी, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. काम चालू असताना कुणी बोललेलं तिला खपत नसे.

एकच शिक्रा तिने बसवला. तिच्या लेकीने, निएवेसने, तो पिल्लापासून वाढवला होता. पोर स्पेनला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली आणि त्याच हिवाळ्यात तो मेला. सेलेदोनियाने त्याला काचेचे डोळे लावले, फांदीवर बसवलं, पोरीला फोनवर दाखवलं आणि कपाटाच्या वर ठेवलं.

"पोर परत आली की तिला ओळखू यायला हवा," म्हणाली.

पोर आली नाही. नवी कपाटं आली, ती थेट छतापर्यंत. संग्रहाचे प्रमुख, आमचे डॉक्टर, म्हणाले, "दोन्या, खणात मावेल तेच राहील. नाहीतर घरी न्या."

"घरी कसर खाईल त्याला."

"मग निजवा."

मी म्हटलं, "उंच खण करून देतो."

"एवारिस्तो, तुझे आहेत तेच खण अडकतात. उंच खण काय डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवणार?"

वाळलेलं कातडं पुन्हा वळवायचं म्हणजे जिकिरीचं. तिने तो ओल्या वाळूच्या डब्यात मऊ व्हायला ठेवला. मग एकेक नख फांदीवरून सोडवलं, जरा घाई केली तर बोट तुटतं. आतली तार काढली. डोळे शेवटी काढले आणि त्या जागी कापूस भरला. ते काढताना मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

तो खणात जाण्याआधीच निएवेसचा फोन आला, चेहरा दिसणारा.

"आई, माझा राजा दाखव ना."

सेलेदोनियाने त्याला पालथा धरून पाठ दाखवली.

"पाठ काय दाखवतेस? तोंड वळव की इकडे!"

सेलेदोनियाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्याला वळवलं.

निएवेसने चेहरा पडद्याजवळ आणला.

"किती रोडावलाय गं," निएवेस म्हणाली.

"मग ये ना," सेलेदोनिया म्हणाली. इतक्या वर्षांत पोरीला ती हे पहिल्यांदाच म्हणाली.